लिंकनचे बुडालेले दुकान

बाजारपेठेतील एखाद्या लहान दुकानाच्या फळ्या एके दिवशी सकाळी निघत नाहीत. प्रथम लोकांना वाटते, घरात कोणी आजारी असेल. आठ दिवसांनी कळते की, धंदा बसला. घाऊक व्यापाऱ्याचे देणे थकले, गिऱ्हाइकांकडील उधारी वसूल झाली नाही आणि गल्ला रिकामा झाला. पेठेत ह्या गोष्टीची चर्चा चार दिवस होते व विरून जाते. शाळेत मात्र तिची खूण पुष्कळ दिवस राहते. कारण त्या दुकानदाराच्या मुलाची बाकावरील जागा बहुधा त्याच महिन्यात रिकामी होते. घरावर संकट आले की पहिली कात्री लागते ती शिक्षणाला. ती लावणाऱ्या आईबापांना दोष तरी कसा द्यावा? आधी पोट, मग पुस्तक, असाच जगाचा हिशेब आहे.

हा हिशेब ज्याने उलट बाजूने मांडून पाहिला आणि खरा करून दाखविला, अशा एका पुरुषाच्या आयुष्यातील सहा-सात वर्षांची हकीकत विद्यार्थी मित्रांपुढे ठेवण्याचे मी योजिले आहे. अब्राहम लिंकन हे नाव तुम्हांस नवीन नाही. अमेरिकेचा हा सोळावा अध्यक्ष लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत जन्मला व अध्यक्षांच्या प्रासादात जाऊन राहिला, हे तुम्ही क्रमिक पुस्तकांतून वाचले असेल. परंतु त्या झोपडीच्या आणि त्या प्रासादाच्या मधल्या वाटेवर एक दुकान लागते. ते दुकान बुडाले. त्याच्या कर्जाचा बोजा लिंकनच्या खांद्यावर कित्येक वर्षे राहिला. थोरांची चरित्रे सांगताना आपण असली पाने झटकन उलटतो. वास्तविक तीच पाने सावकाश वाचावयास हवीत.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी संस्थानात झाला. त्याचा पिता टॉमस हा शेतकरी व सुतार होता. १८१६ साली हे कुटुंब इंडियाना संस्थानातील घोर अरण्यात जाऊन राहिले. दोनच वर्षांनी आई नॅन्सी हिचा अंत झाला. त्या रानात उगवणारी एक विषारी वनस्पती गुरांच्या खाण्यात येई. तिचे विष दुधात उतरे आणि ते दूध पिणारी माणसे दगावत. त्याच रोगाने ती गेली. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढे १८१९ मध्ये पित्याने दुसरा विवाह केला. सावत्र आई सारा ही स्वतः फारशी शिकलेली नव्हती, तथापि ह्या मुलाची वाचनाची ओढ तिने ओळखली व त्याला कधी आडकाठी केली नाही. सावत्रपणाच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. म्हणून ह्या माउलीचे नाव येथे मुद्दाम घेतो.

शाळा म्हणाल, तर ती तुटक-तुटक, एखादा फिरता पंतोजी त्या बाजूस आला म्हणजे. लिंकनने स्वतःच पुढे हिशेब केला, तेव्हा त्याच्या साऱ्या शालेय शिक्षणाची बेरीज एक वर्षदेखील भरली नाही. शेजाऱ्याकडून आणलेले वॉशिंग्टनचे एक चरित्र पावसात भिजून खराब झाले, तेव्हा त्याची किंमत भरून देण्यासाठी तो त्या शेजाऱ्याच्या शेतात राबला. पुस्तक आणि ऋण ह्यांची गाठ त्याच्या आयुष्यात अशी बालपणीच पडली.

१८३० साली हे कुटुंब इलिनॉय संस्थानात आले. पुढच्या वर्षी वयाच्या बाविसाव्या वर्षी लिंकन पित्याच्या घरातून बाहेर पडला. डेंटन ऑफट नावाच्या एका व्यापाऱ्याचा माल सपाट नावेतून नदीमार्गे न्यू ऑर्लिन्सला पोहोचविण्याचे काम त्याने पत्करले. वाटेत सँगमन नदीवरील न्यू सेलम ह्या खेड्यापाशी ती नाव गिरणीच्या बंधाऱ्यावर अडकली. लिंकनने नावेतील काही माल उतरविला, नावेस एक भोक पाडून आत साचलेले पाणी काढून दिले आणि ती सोडविली. काठावर जमलेल्या गावकऱ्यांना हा उंच, हडकुळा तरुण तेव्हाच लक्षात राहिला. न्यू ऑर्लिन्सहून परतल्यावर ऑफटने त्याच गावी दुकान घातले व लिंकनला तेथे कारकून म्हणून ठेवले.

न्यू सेलम हे गाव तरी केवढे! पंचवीस-तीस कुटुंबे, एक गिरणी, चार-दोन दुकाने, एक लोहार, एक पिंप करणारा कारागीर. सँगमन नदीतून आगबोटी येऊ लागतील आणि गाव मोठ्या पेठेस चढेल, ह्या आशेवर सारे जगत होते. १८३२ च्या वसंतात टॅलिस्मन नावाची एक आगबोट खरोखरच आली. लोकांनी जल्लोष केला. परंतु नदीचे पाणी उतरू लागले आणि परतताना त्या बोटीस वाट देण्यासाठी गावचा बंधारा फोडावा लागला. बोट गेली ती गेली. तिच्याबरोबर गावाचे भाग्यही गेले. ऑफटचे दुकान त्याच सुमारास बुडाले व धनी गाव सोडून निघून गेला. लिंकनची नोकरी अशा रीतीने वर्षभरातच संपली.

मध्यंतरी ब्लॅक हॉक ह्या इंडियन सरदाराविरुद्ध लढाई सुरू झाली होती. लिंकन सैन्यात स्वयंसेवक म्हणून गेला. सोबत्यांनी त्याला कप्तान निवडले. प्रत्यक्ष लढाई मात्र त्याच्या वाट्यास आली नाही. परत येऊन त्याने संस्थानाच्या विधिमंडळाची निवडणूक लढविली. त्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात, एखाद्या समाजाने हाती घ्यावयाच्या कामांत शिक्षणाचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, अशा आशयाचे विचार त्याने मांडले होते. ज्याची शाळा एक वर्षही नव्हती, त्याने हे लिहावे! तो पराभूत झाला. तेरा उमेदवारांत त्याचा क्रमांक आठवा लागला. परंतु त्याच्या गावच्या मतदानकेंद्रावर ३०० पैकी २७७ मते त्याला मिळाली होती. ज्यांनी त्याला जवळून पाहिले, त्यांनी त्याला ओळखले होते.

आता पुढे काय करावे? लोहारकाम शिकावे असे एकदा त्याच्या मनात आले. कायद्याचा अभ्यास करावा असेही वाटले. परंतु ह्यापेक्षा अधिक शिक्षण असल्यावाचून त्यात यश येणार नाही, म्हणून तो विचार त्याने बाजूस ठेवला. विद्यार्थी मित्रांनो, हे स्थळ लक्षात ठेवा. ज्या कारणासाठी त्याने वकिलीचा विचार सोडला, ते कारण दूर करण्यास त्याला पुढे दिवाळे निघावे लागले.

त्याच वेळी गावातील एका दुकानातील अर्धा हिस्सा विकावयाचा होता. पैसे रोख नकोत, वचनचिठ्ठी लिहून दिली तरी चालेल, असे म्हटल्यावर लिंकनने तो घेतला. त्याचा भागीदार विल्यम बेरी हाही त्याच्यासारखाच निष्कांचन होता. थोड्याच दिवसांत, १८३३ च्या आरंभी, दुसऱ्या एका दुकानाचा माल ह्या दोघांनी घेतला. तोही बव्हंशी उधारीवरच. वचनचिठ्ठीचा व्यवहार कसा असतो, हे येथे सांगितले पाहिजे. अमुक दिवशी अमुक रक्कम देईन, असे लिहून सही केली की माल हाती पडतो. हातावरून एक पैसाही जात नाही. म्हणून माल फुकट मिळाल्यासारखे वाटते. परंतु ती चिठ्ठी धनको दुसऱ्यास देतो, दुसरा तिसऱ्यास. आणि ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही, असा कोणी परका मनुष्य मुदत भरताच दारात उभा राहतो. तिकडे लिंकनच्या दुकानात गिऱ्हाईक कमी, आलेल्यांची उधारी जास्त. गाव वाढेल ही आशा तर नदीच्या पाण्याबरोबर ओसरली होती. भागीदार मद्याच्या आहारी गेला, आणि लिंकनचे लक्ष पुस्तकाकडे, नाही तर दाराशी जमलेल्या मंडळींच्या गप्पांकडे. दोघांपैकी दुकानाकडे कोणाचेच लक्ष नव्हते, असे म्हणावे लागते. थोर पुरुषाच्या चरित्रात हा दोष लपविण्याचे कारण नाही. दैवाने त्याला बुडविले तसे त्याच्या स्वभावानेही बुडविले. त्याने स्वतःदेखील ह्या प्रकरणाचा उल्लेख पुढे कोणावरही दोष न टाकता केला आहे. दिवा जसा हळूच मालवतो, तसे ते दुकान मालवले.

१८३५ च्या जानेवारीत बेरी मरण पावला. त्याच्यामागे द्रव्य असे काही उरले नाही. भागीदारीच्या कायद्याप्रमाणे त्याच्या वाट्याचे ऋणही लिंकनवरच आले. एकंदर बोजा सुमारे ११०० डॉलरांचा होता, असे चरित्रकार सांगतात. त्या काळी पोस्टमास्तर म्हणून लिंकनला एका संबंध वर्षात पन्नास-पंचावन्न डॉलर मिळत; ह्यावरून त्या रकमेचा अंदाज करावा. मित्रांशी बोलताना तो विनोदाने ह्याला आपले राष्ट्रीय कर्ज म्हणत असे. हसण्यावारी नेलेले दुःख किती खोल असते, हे ज्याच्या घरी असा प्रसंग आला असेल त्याला सांगावयास नको.

त्या सरहद्दीवरील मुलखात अशा प्रसंगी रातोरात गाव सोडून पश्चिमेकडे पळून जाणे ही सर्रास रीत होती. देशभर लागू असा दिवाळखोरीचा कायदा तेव्हा अस्तित्वात नव्हता. नवी वस्ती, नवे गाव, कोण कोणाला शोधणार? लिंकन पळाला नाही. धनकोंकडे जाऊन त्याने मुदत मागून घेतली आणि जसे मिळेल तसे फेडीन असे कबूल केले. एका धनकोने मात्र वाट पाहिली नाही. हाती आलेल्या चिठ्ठीवर त्याने फिर्याद केली, हुकूमनामा मिळविला, आणि लिंकनचा घोडा, खोगीर व जमीन मोजण्याची साधने ह्यांवर जप्ती आणली. त्यांचा लिलाव पुकारला गेला. त्या दिवशी लिंकन तिकडे फिरकलादेखील नाही, असे सांगतात. परंतु जेम्स शॉर्ट नावाच्या एका शेतकरी मित्राने १२० डॉलर बोली करून ती सारी चीजवस्तू विकत घेतली आणि तशीच्या तशी लिंकनच्या हाती परत दिली. पुढे लिंकन अध्यक्ष झाला, तेव्हा ह्या शेतकऱ्याचे दिवस पालटले होते. लिंकनने त्याला सरकारी जागेवर नेमून त्या उपकाराची आठवण ठेवली.

आता ही मोजणीची साधने त्याच्यापाशी आली कोठून? येथेच ह्या हकीकतीचे मर्म आहे.

दुकानाची अखेर जवळ आली असता, मे १८३३ मध्ये, लिंकनला गावच्या पोस्टमास्तराची जागा मिळाली. वेतन अल्प होते. परंतु टपालाने येणारी वर्तमानपत्रे वर्गणीदाराकडे जाण्यापूर्वी त्याच्या वाचनात येत. देशाच्या राजकारणाचा त्याचा अभ्यास ह्या पोस्टाच्या टेबलावर झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस परगण्याचा मोजणी अधिकारी जॉन कॅल्हून ह्याने त्याला आपला दुय्यम नेमण्याची इच्छा दर्शविली. कॅल्हून विरुद्ध राजकीय पक्षाचा. तरीही त्याने ह्या तरुणाचा प्रामाणिकपणा पाहिला. अडचण एकच होती. मोजणीच्या शास्त्राचे एक अक्षरही लिंकनला ठाऊक नव्हते.

अशा वेळी मनुष्य दोनपैकी एक मार्ग धरतो. हे आपले काम नव्हे, असे म्हणून मोकळा होतो. अथवा पुस्तक उघडतो. लिंकनने गिब्सन व फ्लिंट ह्यांचे मोजणीवरील ग्रंथ मिळविले. भूमिती, त्रिकोणमिती, घातांकगणित असे एकामागून एक विषय, ज्याने शाळेत त्रैराशिकापलीकडे काही पाहिले नव्हते त्याच्यापुढे उभे राहिले. गावचा शाळामास्तर मेंटर ग्रॅहम ह्याने त्याला साहाय्य केले, असे सांगतात. ह्याच मास्तराच्या सूचनेवरून लिंकनने पूर्वी कर्कहॅमचे व्याकरण मिळवून अभ्यासले होते. तेवीस वर्षांचा, सव्वासहा फुटांहून उंच मनुष्य मुलांच्या व्याकरणाचे पुस्तक घेऊन झाडाखाली बसला आहे, हे दृश्य गावकऱ्यांना गमतीचे वाटले असेल. त्याला स्वतःला त्याची लाज वाटली नाही. रात्रीचा दिवस करून काही आठवड्यांत त्याने मोजणीचे शास्त्र कामापुरते हस्तगत केले. होकायंत्र व साखळी उधारीवर घेतली आणि तो रानोमाळ हिंडू लागला.

ही साखळी आपल्याकडील मोजणीतही पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. तिची लांबी ६६ फूट व कड्या १००. ऐंशी साखळ्यांचा एक मैल होतो. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा जमिनीचा तुकडा म्हणजे बरोबर चार गुंठे. असे दहा तुकडे मिळून एक एकर. वर्गात ही कोष्टके पाठ करताना तुम्हांस कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. ह्याच कोष्टकांनी एका दिवाळे निघालेल्या तरुणाला दोन वेळची भाकरी दिली, एवढे स्मरणात ठेवा. त्याच्या मोजण्या अचूक असत, आणि दोन शेतकऱ्यांच्या बांधावरून तंटा झाला म्हणजे लोक त्याचाच निर्णय मानीत. दुकानाने त्याची पत घालविली होती; विद्येने ती परत मिळविली. शिवाय मोजणीच्या निमित्ताने तो सारा परगणा पायाखाली घालू लागला. ओळखी झाल्या, लोकांचा विश्वास बसला, आणि १८३४ च्या निवडणुकीत तो विधिमंडळावर निवडून आला. सभागृहात बसण्यास बरे कपडे हवेत, म्हणून त्यासाठीही त्याला उसने पैसे घ्यावे लागले.

त्या निवडणुकीच्या प्रचारात जॉन स्ट्यूअर्ट नावाच्या वकिलाशी त्याची मैत्री जमली. कायद्याचा अभ्यास कर, असे स्ट्यूअर्टने त्याला आग्रहाने सांगितले व आपली पुस्तके वापरण्यास दिली. दोन वर्षांपूर्वी शिक्षणाअभावी टाकून दिलेला विचार लिंकनने पुन्हा उचलला. ह्या दोन वर्षांत काय बदलले होते? खिसा पूर्वीपेक्षाही रिकामा होता. बदलले होते ते एवढेच की, व्याकरण आणि मोजणी हे दोन विषय गुरूच्या घरी न राहता, फी न भरता आपण शिकू शकलो, हा अनुभव त्याच्या गाठीस आला होता. तिसरा विषय मग अशक्य वाटेना.

स्ट्यूअर्टचे कार्यालय स्प्रिंगफील्ड येथे, न्यू सेलमपासून सुमारे वीस मैल. तेथून पुस्तके आणावयाची, वाचून परत करावयाची. ब्लॅकस्टनचे कायद्यावरील बृहद् भाष्य त्याने मूळ धरून अभ्यासले. कायद्याचे महाविद्यालय नाही, शिक्षक नाही, सोबती नाही. जेवणाचे व कपड्याचे पैसे देण्यासाठी मोजणीचे काम चालूच. विधिमंडळाचे अधिवेशन भरले की पुस्तके मिटावयाची, ते संपले की पुन्हा उघडावयाची. अशी दोन वर्षे गेली. वकिलीची सनद मागणाऱ्याने प्रथम न्यायालयाकडून सच्छील असल्याचा दाखला मिळवावा, असा तेथील नियम होता. मार्च १८३६ मध्ये सँगमन परगण्याच्या न्यायालयाने लिंकनच्या शीलाविषयी तशी नोंद केली. ज्याच्या घोड्याचा व साधनांचा कर्जापोटी लिलाव झाला होता, त्याच मनुष्याला त्याच परगण्यात हा दाखला मिळाला. सप्टेंबरमध्ये सनद हाती आली.

त्या वर्षीच्या मेमध्ये न्यू सेलमचे पोस्ट बंद झाले. गावच ओस पडू लागले होते. जवळच पीटर्सबर्ग नावाचे नवे गाव वसत होते. त्याचा नकाशा आखला होता लिंकनने, आणि न्यू सेलमची माणसे घरे मोडून तिकडे जात होती. १८४० च्या सुमारास जुने गाव निर्मनुष्य झाले. दुकान गेले, मागाहून ते गावही गेले. त्या गावी बसून मिळविलेली विद्या तेवढी त्याच्याबरोबर राहिली.

१५ एप्रिल १८३७ रोजी उसन्या घोड्यावर बसून लिंकन स्प्रिंगफील्डला आला. खोगिराच्या दोन पिशव्यांत मावेल एवढेच त्याचे सामान. जोशुआ स्पीडच्या दुकानात जाऊन त्याने अंथरुणाची किंमत विचारली. ती सतरा डॉलर निघाली. एवढी रक्कम त्याच्यापाशी नव्हती. आपला वकिलीचा प्रयोग साधला तर नाताळपर्यंत पैसे देईन, न साधला तर कधी देऊ शकेन असे वाटत नाही, हे त्याने सरळ सांगून टाकले. त्याच्या मुद्रेवरील विषण्णता पाहून स्पीडचे मन द्रवले. माडीवरील आपल्या खोलीत राहावयास त्याने त्याला जागा दिली. आणि तो तरुण दुकानदार त्याचा जन्माचा मित्र झाला. एका दुकानाने त्याला बुडविले होते. दुसऱ्या दुकानाच्या माडीवर त्याला आसरा मिळाला.

प्रयोग साधला. स्ट्यूअर्टची भागीदारी, नंतर लोगन ह्या विद्वान वकिलाची, आणि १८४४ पासून हर्नडन ह्या तरुण वकिलाबरोबर स्वतःचे कार्यालय, अशा पायऱ्या तो चढत गेला. मिळकतीतून जुने कर्ज फिटू लागले. १८४१ साली अमेरिकेत दिवाळखोरीचा कायदा संमत झाला. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात बुडालेले शेकडो व्यापारी त्याचा आश्रय घेऊ लागले. लिंकन व लोगन ह्यांच्या कार्यालयाने अशा अनेक ऋणकोंचे अर्ज चालविले. त्या गांजलेल्या माणसांना आपल्या वकिलाच्या पूर्वायुष्याची कल्पना असेल वा नसेल. वकील मात्र त्यांचे तोंड पाहूनच सारे समजत असला पाहिजे. स्वतः लिंकनने आपल्या देण्यातून सूट घेतली नाही. १८४७ मध्ये तो देशाच्या प्रतिनिधिगृहाचा सभासद म्हणून वॉशिंग्टनला गेला, तेव्हाही वेतनातील काही भाग जुन्या कर्जाच्या फेडीसाठी तो पाठवीत असे, असे हर्नडनने नमूद केले आहे. पंधरा वर्षांपूर्वी कागदावर केलेल्या सहीचा शब्द त्याने पाळला.

कर्ज फिटले, तरी शिकणे थांबले नाही. प्रतिनिधिगृहातील मुदत संपल्यावर, चाळिशीच्या घरात, त्याने युक्लिडच्या भूमितीचे सहा खंड अभ्यासले. न्यायालयाच्या फिरतीवर असताना सोबती निजले म्हणजे हा मेणबत्तीच्या उजेडात प्रमेये सोडवीत बसे. एखादी गोष्ट सिद्ध केली असे म्हणण्यास नेमके काय करावे लागते, हे त्याला मुळापासून समजून घ्यावयाचे होते. पुढे गुलामगिरीच्या प्रश्नावर तो देशापुढे बोलू लागला, तेव्हा त्याच्या युक्तिवादाची एकेक पायरी लोकांना नाकारता येईना. त्या बांधणीत ह्या रात्रींचा वाटा होता. तथापि शिक्षणाचा अभिमान त्याला कधी शिवला नाही. प्रतिनिधिगृहाच्या आजी-माजी सभासदांची माहिती छापावयाची होती, तेव्हा शिक्षणाच्या रकान्यात त्याने आपले शिक्षण सदोष असल्याचे लिहून दिले.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १८६० मध्ये तो अध्यक्ष निवडला गेला. देशात यादवी पेटली. १ जानेवारी १८६३ रोजी त्याने बंडखोर संस्थानांतील गुलामांच्या मुक्ततेची घोषणा केली, आणि १८६५ च्या घटनादुरुस्तीने सबंध देशातून गुलामगिरी नाहीशी झाली. सातासमुद्रांपलीकडे पुण्यास महात्मा जोतीराव फुले ह्यांनी त्या घटनेचे मोल जाणले, आणि १८७३ साली आपला गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी जनांना अर्पण केला. यादवी ऐन भरात असता लिंकनने आणखी एका कायद्यावर सही केली होती, तिचा उल्लेख क्वचितच होतो. २ जुलै १८६२ च्या त्या कायद्याने सरकारी जमिनी संस्थानांना देऊन त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये काढावयाची होती. ज्याला महाविद्यालयाचे दार दिसले नव्हते, आणि जमीन मोजून ज्याने पोट भरले होते, त्याच्या सहीने जमिनीतून महाविद्यालये उभी राहिली.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री नाटकगृहात एका माथेफिरूने त्याच्यावर गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची प्राणज्योत मालवली. तो दिवस १५ एप्रिल. उसन्या घोड्यावरून स्प्रिंगफील्डला आल्याला त्या दिवशी बरोबर अठ्ठावीस वर्षे झाली होती.

विद्यार्थी मित्रांनो, दुकान बुडालेला प्रत्येक मनुष्य पुस्तक हाती घेताच देशाचा अध्यक्ष होत नाही, हे मीही जाणतो. लिंकनलाही जेम्स शॉर्ट भेटला, ग्रॅहम मास्तर भेटला, स्पीड भेटला. शेजारधर्म जागा होता, म्हणून त्याचा निश्चय टिकला. तेव्हा ह्या चरित्रातील एक बोध संकटात सापडलेल्या मुलासाठी आहे, तर दुसरा त्याच्या बाकावरील सोबत्यासाठी आहे. वर्गातील एखादी जागा रिकामी दिसली, तर त्या मित्राच्या घरी जा. आपली वही त्याला द्या, गेल्या वर्षीचे पुस्तक द्या, आणि गुरुजींच्या कानावर ती गोष्ट घाला. लिलावात बोली करण्याएवढे पैसे तुमच्यापाशी नसतील. परंतु एक वही एखाद्याची साखळी आणि होकायंत्र होऊ शकते.

परीक्षेचे निकाल आता लवकरच लागतील. म्हणून शेवटी एक आठवण सांगतो. १८५९ साली लिंकनचा मुलगा रॉबर्ट हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत सपशेल नापास झाला, आणि एक वर्ष अधिक अभ्यास करून पुढच्या वर्षी उत्तीर्ण झाला. त्याच्या एका मित्राला मात्र त्या वर्षीही प्रवेश मिळाला नाही. अध्यक्षपदाच्या निवडणुकीची धामधूम सुरू होती. तरी लिंकनने त्या मुलाला सवड काढून पत्र लिहिले. तुला ज्याची इतकी ओढ आहे ते मिळविण्याचा निश्चय तू सोडला नाहीस, तर ह्या अपयशाने तुझे कायमचे काही बिघडत नाही, असा त्याचा भावार्थ होता. हा उपदेश करण्याचा अधिकार त्याला होता. तो त्याने न्यू सेलमच्या त्या बुडालेल्या दुकानात, उधारीच्या मालाची पूर्ण किंमत मोजून, मिळविला होता.